शिंपीकाम: सुई सर्वांची, कात्री एकाची

महाराष्ट्राच्या गावगाड्यात बलुतेदारांखालोखाल अलुतेदार येत, आणि अलुत्यांच्या प्रचलित यादीत शिंप्याचे नाव आहे. सुतार-लोहारांइतकी शेतकऱ्याला त्याची नड नसे. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे मागावरून उतरले की तसेच अंगावर चढे. शिंप्याकडे जायचे ते बंडी, बाराबंदी, अंगरखा, चोळी आणि तान्ह्या मुलांच्या कुंची-टोपड्यांसाठी. म्हणून पुष्कळ शिंपी शिवणाच्या जोडीला कापडही विकत. तेराव्या-चौदाव्या शतकांतले संत नामदेव याच समाजातले. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात गज, कात्री आणि सुई-दोरा ही धंद्याची हत्यारे भक्तीची रूपके होऊन येतात.

जुने कपडे बंदांनी बांधायचे असत. बाराबंदीचे नावच तिच्या बारा बंदांवरून पडले. अंग भरले वा उतरले तरी बंद सैल-घट्ट करून भागे. इंग्रजी अमलात शर्ट, कोट आणि पाटलोण आले, तशी ही सोय गेली. बटण आपल्या जागेवरून हलत नाही आणि खांद्याला चुकलेली बाही हात उचलताच ओढते. त्यामुळे माप आणि बेतणी यांना पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले.

त्याच काळात यंत्र आले. आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगरची यंत्रे हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. कारखान्यांवर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये या यंत्राला अपवाद मानले. पुढे कलकत्त्यात तयार होणारे ‘उषा’ यंत्र घरोघरी पोचले. यंत्राने शिवणीचा वेग वाढवला, पण बेतणी हातातच राहिली. दुकानाची रचना यावरच उभी राहिली: गिऱ्हाइकासमोर, कापडाच्या टेबलाशी मास्टर आणि मागे यंत्रांवर नगावर मजुरी घेणारे कारागीर.

शिकण्याचा क्रमही तसाच ठरला. नवा मुलगा आधी काजे करी, बटणे लावी, तुरपाई घाली. मग पायजम्याच्या सरळ शिवणी, मग शर्ट, आणि कॉलर-कफ साधल्यावर पँट. कात्री सर्वांत शेवटी हाती येई. शिवण चुकली तर उसवता येते, पण कापलेले कापड परत जोडता येत नाही, आणि ते गिऱ्हाइकाचे असते. मापे मात्र पहिल्या दिवसापासून कानावर पडत. मास्टर टेप लावून लांबी, खांदा, बाही, छाती, गळा असे आकडे सांगे. मुलगा ते वहीत उतरवून शेजारी कापडाचा तुकडा टाचे. मेट्रिक पद्धत १९६२ पर्यंत बाजारात सक्तीची झाली, तरी कापड मीटरने आणि माप इंचांनी हा दुभंग टिकला आहे.

वहीत न येणारी गोष्ट म्हणजे माया. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला हा शब्द आहे. वाढत्या मुलाच्या गणवेशात माया अधिक, ब्लाउजच्या बगलेत पुढे सैल करता येईल इतकी. किती ठेवायची हे माणूस पाहून ठरते. बेतणीचा हा भाग बहुधा बापाकडून मुलाकडे किंवा मास्टरकडून जुन्या कारागिराकडेच जाई.

विसाव्या शतकात ही मक्तेदारी सैल झाली. पुण्यातील सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवण शिकवले. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि गल्लोगल्लीचे शिवणवर्ग आले. तिथे कागदावर आकृती काढून बेतणी पहिल्या काही आठवड्यांतच शिकवतात. दुकानात वर्षे लागणारी कात्री इथे लवकर मिळते, पण नाना अंगांचा अनुभव गिऱ्हाइके आल्यावरच येतो.

१९८० नंतर तयार कपड्यांनी शर्ट-पँटचे काम ओढून नेले. कारागीर कारखान्यांकडे वळले आणि अनेक दुकानांत मास्टर एकटाच उरला. छोट्या दुकानांना आधार राहिला तो ब्लाउज, लग्नसराई, जूनमधले गणवेश आणि तयार कपड्यांच्या दुरुस्तीचा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीचे कर्ज मिळते. तयार कपडा मात्र ठरावीक मापांतच येतो आणि त्याच्या शिवणीत माया जेमतेम असते. तो अंगावर बसवून घ्यायला गिऱ्हाईक अजूनही शिंप्याकडेच येते.