मध्ययुगाची वाटणी

आमच्या विद्यापीठांतील पदवीच्या अभ्यासक्रमात मध्ययुगाची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली आहे. ज्ञानेश्वरी मराठीच्या पदरात पडली, देवगिरीचे यादव इतिहासाच्या, हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ संस्कृतच्या. देवळे, नाणी आणि ताम्रपट यांना मात्र कोणी वारसच न निघाल्यामुळे ती बेवारस मालमत्तेप्रमाणे पुराणवस्तुसंशोधकांकडे गेली. वास्तविक शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या रामचंद्र राजाचा उल्लेख येतो, त्याचाच हेमाद्री हा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख, आणि यादवांची वंशावळ डॉ. भांडारकरांना सापडली तीही याच हेमाद्रीच्या व्रतखंडात, म्हणजे व्रतवैकल्यांच्या ग्रंथात!

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख घ्या. शके ११९५ ते ११९९ या काळात देवालयास ज्यांनी ज्यांनी द्रव्य दिले त्यांची ती यादी असून, तीत प्रत्यक्ष रामचंद्रदेव आहे, हेमाद्री पंडित आहे आणि इतिहासाने पुढे ज्यांची कधी दखल घेतली नाही असे सामान्य दातेही आहेत. भाषेच्या विद्यार्थ्यास या शिळेचे मोल विशेष. कारण ज्ञानेश्वरीची संहिता लेखकूंच्या हातांतून उतरत आली आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली, तर येथील विभक्तिप्रत्यय टाकीने कोरले गेले त्या घटकेपासून कोणी बदललेले नाहीत. त्याच ओळींत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास दानाच्या रकमा दिसतात, धर्मेतिहासाच्या विद्यार्थ्यास पंढरीला लाभलेला राजाश्रय दिसतो. आणि या शिळेस पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेपायी भाविकांनी अक्षरे झिजविली; तेव्हा समाजशास्त्रज्ञाचा पुरावा जसजसा वाढत गेला तसतसा लिपिज्ञाचा नाहीसा होत गेला, हा योगही मोठा विलक्षण म्हणावयाचा.

सर्वच विषयांत डोकावणारा विद्यार्थी एकाही विषयात मुरत नाही, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु भारत इतिहास संशोधक मंडळाच्या आश्रयाने आयुष्यभर काम करणाऱ्या ग. ह. खरे यांनी फारसी फर्माने वाचली, शिलालेख उकलले, ‘मूर्तिविज्ञान’ लिहिले आणि पंढरपूरच्या विठ्ठलावरही ग्रंथ रचला. त्यांची विद्या यामुळे पातळ झाली असे म्हणण्यास कोणी धजावणार नाही.

बहमनी काळापासून पुढे तर एका शास्त्राच्या बळावर एक कागददेखील वाचता येत नाही. आदिलशाही फर्मानात वर फारसी मजकूर, खाली मोडी मराठी. आणि कालनिर्देश ‘खमस सबैन व अलफ’ असा, म्हणजे शुहूर सन १०७५. हे वर्ष सूर्याच्या मृगप्रवेशाबरोबर पालटते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ आणि तेथून पुढे ६०० मिळवावे, तेव्हा इसवी सन हाती येतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक मृगानंतरचा, म्हणून १०७५ चे १६७४ होतात. नियमाचे हे कलम ठाऊक नसेल तर विद्यार्थी तो सोहळा निष्कारण एक वर्ष पुढे ढकलील.

माझ्या मते पदवीच्या दुसऱ्या वर्षी प्रत्येकाच्या हाती वतनाच्या तंट्याचा एखादा महजर, म्हणजे गोतसभेपुढील निवाड्याचा कागद, द्यावा आणि वर्षभर त्याच्याकडून तेवढाच वाचून घ्यावा. तळाशी पाटलाचा नांगर, कोणाची कट्यार अशा निशाण्या उमटलेल्या असतात. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचीही साक्ष गोतसभेने ग्राह्य धरली, हे त्यांवरून कळते. हरलेल्या पक्षाकडून येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा लेख, लिहून घेतले जाई. त्याच्याकडून दिवाण गुन्हेगारी (दंड) वसूल करी आणि जिंकलेल्याकडून हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम), म्हणजे निवाडा कोणत्याही बाजूने झाला तरी सरकारी उत्पन्नात भर पडेच. हा प्रत्यक्ष व्यवहार मिताक्षरेसारख्या धर्मशास्त्रग्रंथात शोधू जाणाऱ्यास सापडावयाचा नाही, आणि निव्वळ जमाखर्च पाहणाऱ्यास ती रक्कम कोणत्या भांडणाची, हे कळावयाचे नाही.