नरसीहून लंडन : कुठलं विमान?

लंडनला जायचं तर कुठल्या कंपनीचं तिकीट काढावं? महिनाभर आमच्या घरात हाच विषय आहे. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला, भावजयीचं बाळंतपण तोंडावर आलेलं आणि आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, तीही एकटी. तिचे गुडघे दुखतात. भाषा मराठी, आणि हिंगोलीच्या बाजारात चालते तेवढी हिंदी. मोबाइलवर ढीगभर पर्याय दिसतात आणि सगळ्यात वर असतो सगळ्यात स्वस्त. हे पर्याय आले कुठून, म्हणून मी वाचत गेलो. दर पिढीला या प्रश्नाचा अर्थ वेगळा होता.

सुरुवात १९४८पासून करू. ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. कंपनीत टाटांसोबत सरकार होतं, सरकारचा वाटा ४९ टक्के. समोर स्पर्धेला ब्रिटिशांची बीओएसी. तेव्हा विमान निवडणं म्हणजे बरंचसं झेंडा निवडणं होतं.

पण त्या दिवशी आमचं नरसी गाव भारतात नव्हतंच. आम्ही निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. निजाम सरकार आणि टाटा यांची डेक्कन एअरवेज ही कंपनी १९४५मध्येच निघाली होती. १९४८च्या पावसाळ्यात मात्र गाजली ती वेगळीच विमानं. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रं आणत होता. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. १९५३मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली.

पुढची बरीच वर्षं ‘स्वस्त कुठलं?’ हा प्रश्न जवळजवळ निरर्थक होता. आंतरराष्ट्रीय भाडी ‘आयाटा’ या कंपन्यांच्या संघटनेत ठरायची आणि सरकारं त्यांना मंजुरी द्यायची. एका मार्गावर, एका वर्गाचं भाडं सगळ्यांचं सारखं. मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर? पाहुणचारावर. एअर इंडियाचा मिशीवाला, पगडीवाला महाराजा १९४६मध्ये जन्मला आणि याच काळात जगभर पोचला. १९५८मध्ये तर सँडविचवरून भांडण झालं. अटलांटिकवरच्या नव्या स्वस्त वर्गात फक्त साधं सँडविच द्यायचं ठरलं होतं. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावावर भरगच्च पदार्थ रचून त्यालाच सँडविच म्हटलं. अमेरिकी कंपनीने तक्रार केली आणि स्कँडिनेव्हियनांना दंड झाला.

आज पडद्यावर दुबई, दोहा, अबू धाबी दिसतात, ती गोष्ट नंतरची. एमिरेट्सने २५ ऑक्टोबर १९८५ला उड्डाणं सुरू केली, तीही पाकिस्तानच्या पीआयएकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर. सुरुवातीच्या ठिकाणांत कराची आणि मुंबई होती. १९४४च्या शिकागो परिषदेपासून नियम असा, की प्रत्येक देशाच्या आकाशावर त्या देशाचा हक्क. कुणी किती फेऱ्या करायच्या हे दोन देश करार करून ठरवतात. आखाती कंपन्यांनी दोन करार एकमेकांना जोडले : मुंबई ते दुबई एक, दुबई ते लंडन दुसरा. मधल्या विमानतळावर जगभरचे प्रवासी उतरवायचे, दुसऱ्या विमानांत बसवायचे. दोन्ही विमानं भरतात आणि तिकीट बरेचदा थेट विमानापेक्षा स्वस्त पडतं. आपल्याला जे स्वस्त दिसतं, त्याच्या मागे असा नकाशा असतो.

तो नकाशा बदलतोही. २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला, परक्या कंपन्यांना ती बंदी नव्हती. त्याच वर्षी जुलैत इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमची लांब पल्ल्याची उड्डाणं सुरू केली.

आणि मध्ये १२ जून आला. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं. आईने ते टीव्हीवर पाहिलं होतं. तिच्यापाशी आकडेवारी काढून उपयोग नव्हता. तशी ही भीती जुनीच आहे : पहिल्या फेरीचं ते ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५०ला माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि आतले सगळे ४८ जण गेले. तरीही लोक लंडनला जात राहिले, कारण तिकडे कुणीतरी आपलं होतं.

आम्ही तीन पर्याय कागदावर मांडले. दोहामार्गे सगळ्यात स्वस्त, पण मध्यरात्री अनोळखी विमानतळावर विमान बदलायचं. हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा जवळ, तिथून ब्रिटिश कंपनीचं थेट विमान. किंवा मुंबईहून एअर इंडियाचं थेट विमान, दोहापेक्षा वीस-बावीस हजारांनी महाग. मी आधी स्वस्ताच्या बाजूने होतो. भाऊ हैदराबाद म्हणत होता.

आईने कंपनीचं नाव विचारलंच नाही. “विमानात मला काही लागलं तर माझं बोलणं कुणाला कळंल?” एवढंच विचारलं. आणि मग म्हणाली, “मुंबईला माझा भाऊ हाय. एक रात्र त्याच्याकडं राहते, सकाळी तो सोडंल.”

हैदराबादला आमचं कुणी नाही. मी मुंबईचं थेट तिकीट काढलं, व्हीलचेअरची नोंद केली आणि हिंगोलीच्या स्टेशनावरून मामाच्या गावाला जाणारी गाडी बघायला लागलो.