सुट्टीसाठी तंजावर

सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच वाद रंगतो. थंड हवेच्या ठिकाणी जायचं की समुद्रावर? आमच्याही घरी तो रंगला. मी इतिहासाचा मास्तर, तेव्हा मी म्हणालो, "तंजावरला जाऊ." मुलीनं तोंड पाडलं. "म्हणजे सुट्टीतही तुमचा तासच की, बाबा!"

तिची तक्रार अगदीच खोटी नव्हती. जुन्या शहरात नेऊन मुलांना सनावळ्या ऐकवणारे बाप पुष्कळ असतात आणि माझी गणना त्यांतच होते. तरी आम्ही गेलो, चार दिवस राहिलो, आणि परत आलो तेव्हा शिकवणी मला मिळाली होती. त्या चार दिवसांविषयीच आज थोडं बोलणार आहे.

तंजावर तिरुचिरापल्लीहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. वाटेत कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती लागते. आम्ही जानेवारीत गेलो होतो. पाऊस सरलेला आणि ऊन सोसण्यासारखं. बृहदीश्वराच्या देवळात मात्र सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात जावं. अनवाणी चालायचं असतं आणि दुपारी फरसबंदी तव्यासारखी तापते.

गावकरी या देवळाला 'पेरिय कोविल' म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ. राजराज चोळ राजानं ते बांधलं आणि १०१० साली पुरं केलं. गाभाऱ्यावरचं विमान सुमारे २१६ फूट उंच, आणि बांधकाम सारं ग्रॅनाइटचं. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं जो तो सांगतो. आम्हालाही कुणीतरी सांगितलं. मुलगी संध्याकाळी चारच्या सुमारास अंगणात फिरली आणि तिनं सावली शोधून काढली. चांगली ऐसपैस पसरली होती! "बाबा, हे तर खोटंय!" तिला इतका आनंद झाला की विचारू नका. मला वर्षभर वर्गात जे साधत नाही ते त्या सावलीनं साधलं. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी तपासायची, हा इतिहासाचा पहिला धडा. तो तिला खेळता खेळता मिळाला.

मग ती आपणहून भिंतींकडे वळली. देवळावर जागोजागी तमिळ लेख कोरले आहेत. राजानं काय दिलं एवढंच त्यांत नाही. देवळाच्या सेवेसाठी गावोगावच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावं त्यांत आहेत, कोणती कोणत्या रस्त्यावरच्या कितव्या घरात राहत होती तेही आहे. आपल्याकडे राजांची नावं टिकतात. इथं हजार वर्षांपूर्वीच्या साध्या बायकांचे पत्ते टिकले आहेत!

जुन्या शहराची खरी मौज अशी, की तिथं एक काळ पुसून दुसरा येत नाही. एकावर एक थर बसतात. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात नायक राजांच्या काळची चित्रं होती. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकाला त्यांच्याखाली चोळांच्या काळची मूळ चित्रं आढळली. अंगणातला प्रचंड नंदी चोळांचा असेल असं वाटतं, पण तो नायकांच्या काळातला. आणि नायकांच्या थरावर बसलेला थर मराठ्यांचा.

शिवाजीमहाराजांचे सावत्र धाकटे बंधू व्यंकोजीराजे विजापूरच्या वतीनं इकडे आले आणि १६७५-७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्या वंशाकडे ही गादी १८५५पर्यंत राहिली. अर्थात शेवटची पन्नासएक वर्षं ती नावापुरतीच होती. १७९९च्या तहानं दुसऱ्या सरफोजीराजांचा कारभार कंपनीनं घेतला. त्यांच्याकडे किल्ला राहिला आणि तनखा. राज्य गेलेल्या या राजानं पुढं काय केलं? त्यानं ग्रंथ जमवले, छापखाना काढला. त्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं गेलं. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी ते एक. आणि १८०३ साली, म्हणजे तह होऊन अवघी चार वर्षं झाली असताना, त्यानं आपल्या भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत लिहवून मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरवून घेतला.

त्या लेखासमोर आम्ही उभे होतो. अक्षरं बाळबोध, मी एक एक ओळ लावत मुलीला वाचून दाखवत होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन थांबले. थोड्या वेळानं त्यांनी मराठीत विचारलं, जरा मोठ्यानं वाचाल का? त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळ शब्द पेरलेली. घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. भाषा घरात आजीकडून आली होती, लिपी मात्र आली नव्हती. लहानपणापासून त्या भिंतीपुढून ते जात आले होते. आपल्याच भाषेतलं आहे हे ठाऊक, पण वाचता येत नव्हतं. मी वाचत राहिलो, ते मान डोलवत ऐकत राहिले. खरं सांगतो, मला जरा अभिमान वाटला.

तो दुसऱ्याच दिवशी उतरला. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या वेळेपासूनचा हा संग्रह सरफोजींनी फार वाढवला. काशीयात्रेहूनही त्यांनी पोथ्या आणल्या. तिथल्या दालनात काचेखाली एक कागद होता. मुलगी म्हणाली, "बाबा, हे वाचा ना." कागद मोडीतला होता. मी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. एक अक्षर लागेना. इतिहासाचा एम.ए., इतक्या वर्षांची मास्तरकी, आणि भाषा माझीच! कालचे ते गृहस्थ आणि मी, दोघांत फरक तो काय? त्यांना बाळबोध येत नव्हती, मला मोडी येत नव्हती. आपापल्या पूर्वजांपुढे दोघंही सारखेच अडलेले.

"नाही येत मला," मी म्हणालो. मुलगी हसली नाही. म्हणाली, "मग आजोबांच्या ट्रंकेतले कागद कोण वाचणार?"

आमच्या घरी माझ्या आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात मोडीतले कागद आहेत: हिशेब असतील, पत्रं असतील, कुणास ठाऊक. ते कुणी वाचले नाहीत. मी सतराव्या शतकातली पत्रं वर्गात समजावून सांगतो ती छापील पुस्तकांतून. घरातली ट्रंक मी उघडलेली नाही. हे मला तंजावरला जाऊन कळलं.

डोंगर आणि समुद्र मन शांत करतात, यात शंका नाही. तिथं जरूर जावं. पण ऐतिहासिक शहर आणखी एक गोष्ट करतं: ते आपल्याला प्रश्न विचारतं, आणि सुट्टीत तेवढी सवड असते. कामाच्या दिवसांत तो मोडीचा कागद मी पाहिला असता तर "पुढं चला" म्हणून सुटलो असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सुट्टीत एखादं जुनं शहर निवडा, आणि शक्यतो असं निवडा की ज्याच्याशी तुमचा एखादा धागा जुळलेला असेल. तीन-चार दिवस राहा. एकच जागा सकाळी पाहा आणि संध्याकाळी पुन्हा पाहा. सांगितलेलं सारं खरं मानू नका. सावली पडते का ते बघा. मुलांना सनावळ्या सांगू नका, त्यांना प्रश्न विचारू द्या. आणि उत्तर येत नसेल तर तसं म्हणा.

ट्रंक आम्ही आता उघडली आहे. रविवारी सकाळी मुलगी आणि मी मोडीची अक्षरं गिरवत बसतो. तिचं वळण माझ्यापेक्षा बरं आहे. परवा तिला पहिल्या कागदावरची एक ओळ लागली. आजोबांनी बियाण्यासाठी घेतलेल्या उसन्या पैशांची नोंद होती ती.