लंडनची रंगीत हॉटेले

मोठ्या हॉटेलसाखळीत दिल्लीची खोली आणि डॅलसची खोली यांत फरक राहू नये, हीच विसाव्या शतकाच्या मध्यापासून ऐटीची खूण मानली जाई. एकाच नमुन्याचे पडदे, गालिचे घाऊक घेतले की खर्च वाचे आणि पाहुण्यालाही धक्का बसत नसे. या एकसुरीपणाला पहिला छेद दिला तो अनुस्का हेम्पेल या अभिनेत्रीने. १९७८ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये तिने ‘ब्लेक्स’ हे छोटेखानी, नाट्यमय सजावटीचे हॉटेल सुरू केले. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘मॉर्गन्स’ हे हॉटेल उघडले. आंद्रे प्यूतमाँ या फ्रेंच सजावटकर्तीने त्याच्या न्हाणीघरांना बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या फरश्या बसवल्या. त्यावरून डिझाइनर हॉटेल म्हणजे काळे, पांढरे, करडे, असा संकेत पुढे बराच काळ टिकला.

लंडनमध्ये हा संकेत मोडला टिम आणि किट केम्प या दांपत्याने. त्यांचे ‘डॉर्सेट स्क्वेअर’ हॉटेल १९८५ साली सुरू झाले. समोरच्या चौकात १७८७ साली टॉमस लॉर्डचे पहिले क्रिकेट मैदान होते. आजचे लॉर्ड्स हे त्याचे तिसरे. सजावटीचे रीतसर शिक्षण किट केम्प यांनी घेतले नव्हते, आणि कदाचित म्हणूनच गुलाबी भिंतीशेजारी मोहरीरंगी खुर्ची ठेवायला त्या कचरल्या नाहीत. त्यांच्या हॉटेलांत प्रत्येक खोलीची सजावट वेगळी. पलंगाच्या उशाला कापडाने मढवलेली उंच पाठ, आणि कोपऱ्यात त्याच कापडाने गुंडाळलेला शिंप्याचा पुतळा. ही चैन महागडी खरी, कारण एका खोलीचा फाटलेला पडदा दुसरीतून आणून भागत नाही.

जागाही त्यांनी शहराने टाकून दिलेल्या निवडल्या. ‘कॉव्हेंट गार्डन हॉटेल’ पूर्वीच्या फ्रेंच रुग्णालयाच्या इमारतीत १९९६ साली उघडले. २००४ साली सोहोत वाहनतळाच्या जागी ‘सोहो हॉटेल’ आले आणि त्याच्या दर्शनी दालनात कोलंबियाचे शिल्पकार फर्नांदो बोतेरो यांचे गलेलठ्ठ ब्राँझचे मांजर बसले.

सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग मात्र पिकॅडिली सर्कसजवळच्या हॅम यार्डचा. १९६०च्या दशकात इथल्या ‘सीन’ क्लबात ‘मॉड’ म्हणवणाऱ्या फॅशनवेड्या तरुणांची झुंबड उडे. पुढे मोडकळीला आलेल्या या आवारात २०१४ साली ९१ खोल्यांचे हॉटेल उभे राहिले. त्यात चित्रपटगृह, दुकाने, राहती घरे आणि टेक्ससहून आणलेली १९५०च्या दशकातली बोलिंगची पट्टी आहे. शिल्पकार टोनी क्रॅग यांचे एक शिल्प उघड्या अंगणात आहे.