तळटीप ७ : फोटो काढून आलो, तर फॉर्म कोरा

७. चोपड्याच्या शेतकऱ्याची ही तक्रार ई-पीक पाहणीच्या संदर्भात आहे. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून सातबाऱ्यावर करण्याची ही सोय १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र भरायचे आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. लेखकाने सगळे खापर रेंजवर फोडले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंजचा भरवसा नाही हे खरे, पण कोरा फॉर्म कुठल्याही अ‍ॅपमध्ये रेंज असतानाही समोर येऊ शकतो. अँड्रॉइडमध्ये उघडलेले स्क्रीन पत्रावळींच्या चवडीसारखे एकावर एक बसतात. मागे जाण्याचे बटण दाबले की वरचा निघतो. फोटोसाठी फोनचे कॅमेरा अ‍ॅप उघडायचे, तर ‘इंटेंट’ नावाची विनंती सिस्टीमकडे जाते आणि तेवढा वेळ मूळ अ‍ॅप पडद्याआड राहते. स्वस्त फोनची रॅम अपुरी पडली, की सिस्टीम ते बेलाशक बंद करते. परतल्यावर स्क्रीन नव्याने उभा राहतो. भरलेला मजकूर मात्र अ‍ॅप बनवणाऱ्याने आधी जपून ठेवला असेल तरच खात्रीने दिसतो. काही जण कॅमेरा अ‍ॅपच्या आतच बसवतात, म्हणजे बाहेर जायलाच नको. (मध्येच फोन आला, तर तिथेही पंचाईत आहेच.) पडद्याआड गेलेला प्रत्येक स्क्रीन मुद्दाम मोडून पाहण्याची सोय अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये आहे. महागड्या फोनवर चाचणी उरकणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.