जनुकाला गप्प बसवणारा विषाणू

जनुकं गप्प करण्याच्या तंत्राची कुळकथा सहसा पिटूनियाच्या फुलापासून सांगितली जाते. 1990 मध्ये रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकळ्यांचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली, तर काही झाडांना चक्क पांढरी फुलं आली. पुढे 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याचं इंगित एका इवल्याशा सूत्रकृमीत दाखवून दिलं: दुपदरी आरएनए टोचला की त्याच्या अक्षरांशी जुळणारं जनुक गप्प होतं. 2006 चं नोबेल त्यांना मिळालं. ही वंशावळ खरी आहे, पण ती एकाच बाजूची. जनुक गप्प का होतं ते तिच्यातून कळतं; माणसाच्या पेशीत, हव्या त्या जनुकाला, आठवडेच्या आठवडे गप्प ठेवायचं कसं, ते कळत नाही. त्यासाठी विषाणूंच्या घराण्यात शिरावं लागतं. विषाणूला या तंत्रातला निव्वळ हमाल मानण्याची पद्धत आहे आणि ती मला पटत नाही. शोधाचं तंत्र झालं ते त्याच्यामुळे.

कृमीतला प्रयोग माणसाच्या पेशीत जसाच्या तसा चालेना, याचं कारणही विषाणूच. दुपदरी आरएनए ही आपल्या पेशीच्या लेखी विषाणू घरात शिरल्याची खूण. साधारण 30 जोड्यांहून लांब तुकडा दिसला की पेशी इंटरफेरॉनची हाकाटी करते आणि सरसकट सगळ्याच प्रथिनांचं उत्पादन बंद पाडते. एकट्या जनुकाला गप्प करणं बाजूलाच राहतं. वनस्पतींत तर हे गप्प करणं हीच विषाणूंविरुद्धची मुख्य संरक्षणफळी आहे, आणि ती मोडणारी प्रथिनं वनस्पतींचे विषाणू जवळ बाळगतात. 2001 मध्ये गटिंगेनला थॉमस टुश्ल यांच्या गटाने यातून वाट काढली. प्रयोगशाळेत बनवलेले अवघ्या 21 अक्षरांचे दुपदरी तुकडे त्यांनी माणसाच्या पेशींत सोडले. इंटरफेरॉनला सुगावा लागला नाही आणि नेमकं जनुक दबलं. मात्र हे तुकडे चार दिवसांचे पाहुणे. पेशी विभागत गेली की ते वाटले जातात, विरळ होतात आणि जनुक पुन्हा बोलू लागतं. शिवाय चेतापेशी किंवा रक्तातल्या लिम्फोसाइट यांसारख्या पेशी रसायनांच्या मदतीने आत सोडलेला आरएनए सहजी घेत नाहीत.

दुसरं घराणं, जनुकं वाहून नेणाऱ्या विषाणूंचं, तोवर चांगलं वयात आलं होतं. 1983 मध्ये एमआयटीत मान, मलिगन आणि बाल्टिमोर यांनी पेशीच्या गुणसूत्रात स्वतःला जोडून घेणाऱ्या रेट्रोव्हायरस या विषाणूची स्वतःची जनुकसामग्री कवचात भरलीच जाणार नाही अशी पेशी तयार केली. त्या रिकाम्या कवचात आपल्याला हवं ते जनुक भरता येऊ लागलं. अडचण इतकीच की असा विषाणू फक्त विभागणाऱ्या पेशींतच बस्तान बसवतो. ती अडचण 1996 मध्ये सुटली. नाल्दिनी, इंदर वर्मा, त्रोनो आणि सहकाऱ्यांनी थेट एचआयव्ही घेतला, त्याची रोगकारक जनुकं काढली, त्याला गुरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूचं बाह्यकवच चढवलं आणि प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या, विभागणी थांबलेल्या पेशींपर्यंत जनुक पोचवून दाखवलं. विषाणू बांधायची सामग्री वेगवेगळ्या डीएनए-वलयांत विभागलेली असल्यामुळे तो एकदा पेशीत शिरतो, पण पुढची पिढी काढू शकत नाही. मग 2002 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेत ब्रुमेलकाम्प, बर्नार्ड्स आणि अगामी यांनी दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळवली. तयार आरएनए देण्याऐवजी त्यांनी डीएनएवर असा मजकूर लिहिला की त्यातून उतरणारा आरएनए केसांच्या आकड्यासारखा स्वतःवरच दुमडावा. डायसर नावाचं पेशीतलं विकर तो कापून कामाचा तुकडा बनवतं. त्याच वर्षी हा मजकूर रेट्रोव्हायरसमध्ये घालून त्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींतलं बिघडलेलं केरास जनुक दाबलं. निरोगी केरास शाबूत राहिलं. 2003 मध्ये असाच मजकूर एचआयव्हीपासून बनवलेल्या लेंटिव्हायरसवर चढला.

यावर कुणी म्हणेल की विषाणूने पत्र पोचवलं, लिहिलं दुसऱ्यानेच. पण हा टपालवाला पत्र देऊन परत जात नाही. ते घराच्या भिंतीत चिणतो. मजकूर पेशीच्या गुणसूत्रात कायमचा जोडला गेल्यामुळे तो पेशीच्या लेकी-नातींपर्यंत उतरतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तोच पेशीचा ओळखक्रमांकही ठरतो. 2004 पासून अ‍ॅमस्टरडॅम आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे हजारो मानवी जनुकांविरुद्धचे संग्रह तयार झाले, ते या गुणाच्या बळावर. हजारो वेगवेगळे विषाणू एकाच पात्रातल्या पेशींवर सोडायचे, काही आठवडे थांबायचं आणि कोणते मजकूर नाहीसे झाले ते वाचायचं. नाहीसा झालेला मजकूर ज्या जनुकाविरुद्ध होता, त्यावाचून त्या पेशी जगू शकल्या नाहीत असा त्याचा अर्थ. विरून जाणाऱ्या आरएनएच्या जोरावर हा हिशेब मांडताच येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या पद्धतीच्या निष्कर्षांवर विसंबायचं किती? 21 अक्षरांचा तुकडा अर्धवट जुळणाऱ्या भलत्याच जनुकांनाही दाबतो, हे 2003 मध्येच दिसलं होतं. 2006 मध्ये स्टॅनफर्डला मार्क के यांच्या गटाने एएव्ही या वाहक विषाणूतून असे 49 मजकूर उंदरांच्या यकृतात पाठवले. 36 मुळे यकृताला इजा झाली आणि 23 जीवघेणे ठरले. मजकुरांच्या महापुरात पेशीची स्वतःची छोटे आरएनए हाताळणारी यंत्रणाच तुंबली होती. इथे मात्र विषाणूची बाजू घेता येत नाही, कारण त्याची कार्यक्षमताच अंगाशी आली. आणि मेल्क जनुकाचं प्रकरण तर सर्वश्रुत आहे. आरएनए वापरून केलेल्या प्रयोगांवरून कर्करोगपेशींना ते अत्यावश्यक मानलं गेलं, त्याच्याविरुद्धचं औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, आणि 2017 मध्ये जनुक कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने ते जनुक पार मोडलं तरी पेशी सुखेनैव वाढत राहिल्या. औषध त्या पेशींनाही मारतच होतं.

यावरून काहींनी हे तंत्र मोडीत काढलं, ती मात्र घाई झाली. एकाच जनुकाविरुद्ध निदान दोन वेगळे मजकूर वापरणं; दाबलेल्या जनुकाची, मजकुराला न जुळणारी प्रत परत देऊन पेशी सावरते का ते पाहणं; आकड्यासारखा दुमडणारा आरएनए पेशीच्या स्वाभाविक मायक्रो-आरएनएच्या चौकटीत बसवून त्याचा पूर आवरणं, हे उपाय या चुकांतूनच रुळले. शिवाय ज्या जनुकावाचून पेशी मरते ते मोडून फारसं काही शिकता येत नाही. ते अर्धवट दाबलं तर पेशी कशी तगते, हे तरी दिसतं. बहुतेक औषधंही प्रथिनाला समूळ नाहीसं करत नाहीत, त्याचं काम कमी करतात. आणि 2014 मध्ये क्रिस्परचे पहिले मोठे मानवी संग्रह निघाले तेव्हा तेही लेंटिव्हायरसमध्येच भरलेले होते, आणि पेशीगणिक गुणसूत्रात उरलेला मजकूर वाचूनच त्यांचाही निकाल लावला गेला.