मोठा उजेड

फियाट म्हटलं की आमच्या पिढीला हमखास दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि दुसरी पुढच्या दारातली ती तिकोनी काच. गिअरबद्दल लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. तिकोनी काचेच्या वाट्याला कुणी जात नाही. गेले चार महिने मी तिच्यातच अडकलो आहे, तेव्हा आज तिची पाळी.

घरच्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. काकांची १९७२ सालची फियाट ११०० डिलाइट रंगकामासाठी पूर्ण सोडवली होती. रंग झाला, गाडी चकचकीत होऊन आली, आणि तिच्यासोबत आले तीन खोके. त्यात चारही दारांच्या काचा, पट्ट्या, नमद्याचे चॅनेल, रबरं, क्लिपा, हँडलं आणि स्क्रू, सगळं एकत्र. सोडवणाऱ्याने चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. रंगवाल्याचं म्हणणं, "जोडायचं काम आमचं नाही." मग म्हटलं आपणच बसू. बसलो, आणि दार जोडता जोडता भलताच इतिहास हाती लागला.

सुरुवात इटलीपासून करावी लागेल. फियाटने १९५३ मध्ये ११००/१०३ ही गाडी आणली. दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झालेली, वेगळी चासी नसलेली, म्हणजे सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच घेणारी. तिची पुढची दारं उलटी उघडत, बिजागरी मधल्या खांबाला. आपल्याकडे हीच ती 'डुक्कर फियाट'. नऊवारी नेसलेल्या बाईला त्या दारातून उतरणं सोपं जायचं असं आत्या अजून सांगते. चालू गाडीत दार उघडलं तर वाऱ्याने ते सताड फेकलं जायचं, हे मात्र ती सांगत नाही.

१९५७ मध्ये फियाटने याच गाडीची थोडी श्रीमंत बहीण काढली, १२०० ग्रानलुचे. नावाचा अर्थ 'मोठा उजेड'. काचा मोठ्या केल्या म्हणून हे नाव! पुढची दारंही सुलटी झाली. म्हणजे त्या गाडीत दाखवण्यासारखी गोष्ट कोणती, तर खिडक्या. पुढे १९६२ मध्ये ११०० डी आली ती हाच सांगाडा घेऊन, आणि १९६४ पासून कुर्ल्यात तीच गाडी 'डिलाइट' म्हणून निघू लागली. सत्तरच्या दशकात नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत मागे बसून आपण ज्या खिडकीतून पाऊस बघितला, ती तुरिनच्या मंडळींनी १९५७ साली मोठी केलेली खिडकी होती. हे मला दार जोडायला घेईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता कुर्ल्याबद्दल. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांची कंपनी १९४४ ची. सोलापूरचा हा माणूस, जहाजं आणि विमानं यांच्या मागे लागून झाल्यावर मोटारींकडे वळला. सुरुवातीला क्रायस्लरशी करार होता. डॉज आणि प्लिमथचे भाग अमेरिकेतून पेट्यांत भरून यायचे आणि इथे जोडले जायचे. यात नवल काही नाही, त्या काळी 'मोटार कारखाना' म्हणजे जोडणीच. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत हेच करत होती. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं, की ज्यांच्याकडे गाडी हळूहळू इथेच बनवायची योजना आहे त्यांनीच राहावं, नुसत्या जोडणीवाल्यांनी नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. प्रीमियर राहिली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच तिने फियाटचा हात धरला होता, आणि १९५४ पासून ११०० इथे येऊ लागली.

आमच्या तीन खोक्यांचा या धोरणाशी थेट संबंध आहे, म्हणून एवढं सांगितलं. जे पेट्यांतून येत होतं ते एकेक करून इथल्या छोट्या कारखान्यांत बनू लागलं. शिवाय स्पर्धा नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लागायचे, किमतीवर सरकारचा लगाम होता. अशात गाडी बदलायची कुणाला घाई? इटलीत ११०० डी १९६६ मध्ये थांबली आणि तिची वारसदारही १९६९ मध्ये संपली. इथे तोच सांगाडा २००० सालापर्यंत निघत राहिला. दार जवळपास तेच, पण त्यावरचं सामान मात्र वर्षागणिक कधी या कारखान्याचं, कधी त्या.

हे कळलं ते चुंबकामुळे. खोक्यातल्या पट्ट्यांची जात ओळखायला मी जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवला. काही पट्ट्यांना तो घट्ट चिकटला, म्हणजे लोखंडावर क्रोम. काहींना अजिबात नाही. त्यातल्या एकीला कडेने पिवळी झाक, म्हणजे पितळ. दुसऱ्या अगदीच हलक्या, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या. एकाच गाडीवर तीन धातू. स्क्रूंचंही तसंच. काही पितळी, एका खाचेचे. काही फुलीच्या तोंडाचे, लोखंडी. डाव्या दारांवर जवळजवळ सगळं जुन्या पद्धतीचं, उजव्या मागच्या दारावर सगळं नंतरचं. आत्याला विचारलं तर ती सहज म्हणाली, "अरे, वरळीला टेंपोने ठोकलं होतं ना! तुझे काका आठ दिवस जेवले नव्हते धड." ते दारच बदललेलं होतं. चुंबक खोटं बोलत नाही :-)

दाराच्या पोटातूनही बरंच निघालं. वाळलेला चिखल, एक केसांची पिन, आणि अ‍ॅल्युमिनियमचं दहा पैशांचं नक्षीदार कडेचं नाणं, १९७८ चं. काच आणि दार यांच्या फटीतून हे सगळं खाली जातं. पाणीही जातं, आणि ते जाणारच असतं. लोकांना वाटतं रबर चांगलं असलं की दारात पाणी शिरत नाही. तसं नसतं. काचेवरून ओघळलेलं पाणी आत उतरावं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच ती रचना असते. भोकं बुजली की दार आतून कुजतं. मुंबईतल्या फियाटींची दारं खालून का सडायची याचं अर्धं उत्तर या बुजलेल्या भोकांत आहे.

जोडणीचा क्रम मी कागदावर तीनदा लिहिला. आधी तळाची भोकं मोकळी करून आतून गंजरोधक. मग चौकटीत नवा नमदा. तो नीट बसला नाही तर काच खडखडते, आणि जास्त जाड घेतला तर हँडल फिरवताना मनगट भरून येतं. त्यानंतर बाहेरची, काचेच्या बुडाशी येणारी क्रोमची पट्टी तिच्या पुसणी रबरासकट. ही आधीच, कारण काच चढली की क्लिपांच्या मागे बोटं जात नाहीत. मग काच तिरकी धरून दाराच्या पोटात सोडायची आणि तिच्या तळच्या पन्हळीत मशीनचा हात अडकवायचा. मग तिकोन.

तिकोन म्हणजे स्वतंत्र संसार आहे. तिची स्वतःची चौकट, स्वतःचं रबर, वर एक खुंटी, खाली एक खुंटी आणि खालच्या खुंटीवर स्प्रिंग नि नट. नट सैल राहिला तर पन्नासच्या वेगाला काच वाऱ्याने आपोआप मिटते, आवळला तर उघडताना खटका हातात येतो. तिच्या मागचा उभा दांडा हाच मोठ्या काचेचा पुढचा रूळ. म्हणजे तिकोन दोन मिलिमीटर पुढेमागे झाली की मोठी काच वर जाऊन तिरकी होते. मी डाव्या पुढच्या दाराचा तो दांडा अकरा वेळा सैल करून परत आवळला. दर वेळी काच खालीवर, दर वेळी नवी तक्रार. अकराव्या वेळेला ती एका बोटाने वर गेली तेव्हा मी एकटाच होतो, त्यामुळे टाळ्या वाजल्या नाहीत.

सगळ्यात शेवटी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर रेग्झिनचं कार्ड आणि हँडलं. तो कागद फालतू समजून टाकून देणारे पुष्कळ. तो नसला तर कार्डाचा हार्डबोर्ड पहिल्या पावसात पापडासारखा फुगतो.

राहिली क्रोमची गोष्ट, आणि तिच्यावरून घरात झालेला वाद.

पट्ट्या नवीन चकाकून घ्याव्यात असं चुलतभावाचं मत. क्रोमचा थर स्वतः अगदी पातळ, मायक्रोनच्याही अंशात. चमक आणि संरक्षण मुख्यतः त्याखालच्या निकेलचं. परत मुलामा द्यायचा तर आधी जुना उतरवायचा आणि धातू घासायचा. एका ठिकाणी नमुन्याला दोन पट्ट्या दिल्या. आरशासारख्या परत आल्या, पण इतक्या घासल्या होत्या की कडेची बारीक घडी गायब. घडीच नाही तर क्लिप पकडणार कशाला?

भावाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. गाडी १९७२ ची, म्हणजे वयात बसते. त्याच्या मते उजवं मागचं दार डाव्यासारखं करावं, सगळ्या पट्ट्या एका जातीच्या कराव्यात आणि अर्ज करावा. पण नियमातला मूळपणा चासी, सांगाडा आणि इंजिन यांच्याबद्दल आहे. पट्टी पितळेची की लोखंडाची हे तिथे कुणी विचारत नाही. आणि दुसरी बाब जास्त महत्त्वाची. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. आत्याला दवाखान्यात नेणं त्यात बसत नाही. गेली कित्येक वर्षं ही गाडी मुख्यतः तेवढ्याचसाठी बाहेर निघते.

काका असते तर काय म्हणाले असते यावर दोन रविवार गेले. मला आठवतात ते शास्त्रीजींच्या फियाटचं उदाहरण देणारे काका. पंतप्रधानाने १२,००० रुपयांची गाडी घ्यायला बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढलं, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. ती १९६४ ची गाडी आज दिल्लीच्या स्मारकात उभी आहे. काका ती पाहून आले तेव्हा एकच वाक्य बोलले होते, "बिचारी, हलतच नाही." भावाला मी याची आठवण करून दिली. त्याला पटलं असं म्हणणार नाही, पण अर्ज तूर्त कपाटात आहे. पट्ट्या जशा होत्या तशाच, नुसत्या पुसून, ज्या त्या दारावर लावल्या. टेंपोवालं दार टेंपोवालंच राहिलं.

२९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्यातल्या पुष्कळ भंगारात निघाल्या असणार, आणि गेल्या महिन्यात कुर्ल्याच्या भंगार बाजारात मला दोन तिकोनी काचा चौकटीसकट मिळाल्या त्या बहुधा त्यांच्याच. चौकटीवर काळा रंग आणि त्याखाली आणखी एक काळा रंग. एकीची खालची खुंटी आमच्या उजव्या पुढच्या दारात बसली आहे.

आता एवढंच अडलंय: उजव्या मागच्या दाराच्या बाहेरच्या पट्टीच्या तीन क्लिपा कमी आहेत. बारीक, पितळी, मधे फुगलेल्या. नातेवाइकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या फियाटचं सामान पडलं असेल तर बघून सांगा. ठाण्याच्या मामांनी तर त्यांची गाडी विकताना एक डबा काढून ठेवला होता असं आत्याला पक्कं आठवतंय.